शाळा निवडणारे आईबाप : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१९५० साली, नवे शालेय वर्ष सुरू होताना, अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात काही कृष्णवर्णीय पालक मुलांचा हात धरून घराजवळच्या शाळांत नाव घालायला गेले. त्या शाळा गोऱ्यांसाठी राखीव होत्या. नकार मिळणार हे पालकांना ठाऊक होते, आणि तो मिळालाही. पुढे न्यायालयात गेलेल्या तेरा पालकांपैकी ऑलिव्हर ब्राउन हे सांता फे रेल्वेत वेल्डर होते, शिवाय चर्चमध्ये सहायक धर्मोपदेशक. त्यांच्या मुलीला, लिंडाला, जवळची समनर शाळा मागे टाकून, रेल्वेच्या यार्डातून चालत जाऊन बस पकडावी लागे आणि दूरच्या मन्रो शाळेत पोहोचावे लागे. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधले वर्णविभाजन एकमताने घटनाबाह्य ठरवले. तो निकाल आज याच ब्राउन कुटुंबाच्या नावाने ओळखला जातो.

मन्रो ही काही वाईट शाळा नव्हती, आणि तिथल्या शिक्षिकांबद्दल ब्राउन कुटुंबाची तक्रारही नव्हती. आपल्या मुलाने कुठे आणि कोणाबरोबर शिकायचे हे कोण ठरवणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता. वंश, कुटुंब आणि शाळेची निवड हे या अभ्यासक्षेत्राचे तिन्ही धागे त्या एका प्रवेश अर्जात गुंतलेले दिसतात. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत विद्यापीठांनी ते वेगळे केले. वंशाचा अभ्यास समाजशास्त्राकडे आणि कायद्याकडे गेला, पालकांचा सहभाग शिक्षणशास्त्राने उचलला, निवडीचा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनी आपला मानला. नव्याने येणारा वाचक यांपैकी एखाद्याच दारातून आत शिरतो आणि आत बसलेल्यांची भाषा शिकतो. पलीकडच्या खोलीत त्याच मुलांबद्दल बोलणे चालू आहे हे त्याला बराच काळ कळत नाही. या विषयात येऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाचे मनापासून स्वागत करताना माझी पहिली विनंती हीच, की हे तीन प्रश्न एकत्र वाचावेत. मुलांच्या संपादणुकीचे कोडे त्याशिवाय उलगडत नाही.

सुरुवात साधारणपणे कोलमन अहवालापासून करतात. मला ती त्याच्याही मागे, दक्षिणेतल्या खेड्यांत करावीशी वाटते. १९१२ ते १९३२ या काळात, शिकागोचे उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड आणि टस्कीगी संस्थेचे बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या पुढाकारातून, दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्ड यांची अट अशी होती की गावानेही वाटा उचलायचा. ज्यांचे आईबाप किंवा आजीआजोबा गुलामीत जन्मले होते आणि जे स्वतः दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने कापूस पिकवत होते, अशा कुटुंबांनी पैसा दिला, लाकूड दिले, जमीन दिली, अंगमेहनत केली. हिशोब मांडला तेव्हा कृष्णवर्णीय रहिवाशांची वर्गणी रोझेनवाल्ड निधीपेक्षा जास्त भरली. हीच माणसे सरकारी शाळांसाठी करही भरत होती. म्हणजे शिक्षणाची किंमत त्यांनी दोनदा मोजली. व्हेनेसा सिडल वॉकर यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात नॉर्थ कॅरोलिनातल्या अशाच एका विभक्त शाळेचा इतिहास लिहिला आहे. शाळेची बस पालकांनी मिळवलेली, मुख्याध्यापक घरोघरी जाणारे आणि शिक्षिका त्याच वस्तीत राहणाऱ्या, असे तिचे चित्र त्यात आहे. गरीब कृष्णवर्णीय पालकांना शिक्षणाची आस्था नाही, हे वाक्य पुढच्या वाचनात कधी सरळ तर कधी आडून अनेकदा भेटेल. ते भेटले की या शाळा आठवाव्यात.

आता कोलमन अहवालाकडे येतो आणि त्यावर थोडा रेंगाळतो, कारण या क्षेत्रातले बहुतेक वाद तिथूनच निघतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने संघ सरकारवर शैक्षणिक संधीच्या विषमतेचे सर्वेक्षण करण्याची जबाबदारी टाकली. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे चार हजार शाळांमधल्या जवळपास सहा लाख मुलांची आणि साठ हजार शिक्षकांची पाहणी झाली. सातशेहून अधिक पानांचा अहवाल जुलै १९६६ मध्ये बाहेर आला. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा सोयींत फार मागे असतील आणि त्यातूनच गुणांमधली दरी समजेल, अशी अपेक्षा खुद्द कोलमन यांचीही होती. आकडे वेगळे बोलले. एकाच प्रदेशातल्या गोऱ्या व कृष्णवर्णीय शाळांच्या मोजता येणाऱ्या सोयींत वाटले होते तेवढे अंतर नव्हते, आणि मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी कितीतरी घट्ट जोडलेला दिसला.

‘शाळेने काही फरक पडत नाही’ असे या अहवालाचे सार लोकांमध्ये पसरले. पण अहवालात आणखी दोन गोष्टी होत्या. वर्गात सोबत कोण बसते याचा मुलांच्या शिकण्याशी संबंध आहे, ही एक. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे, मेहनतीचे चीज होते, असे मुलाला वाटते का, या प्रश्नाच्या उत्तराचा अल्पसंख्याक मुलांच्या संपादणुकीशी असलेला संबंध शाळेच्या सगळ्या सोयींपेक्षा बळकट निघाला. ही भावना मुलाला कुठून मिळते? घरातून मिळते, शाळेतून मिळते, आणि तुझ्यासारख्यांना इथे प्रवेश नाही असे सांगणाऱ्या शहरातूनही मिळते. घर आणि शाळा यांचे आकडे दोन रकान्यांत मांडले की या तिसऱ्याला जागाच उरत नाही.

पद्धतीबद्दलही पुष्कळ लिहिले गेले. कोलमन यांनी मोजली ती ग्रंथालये, प्रयोगशाळा, दरडोई खर्च. शिक्षक वर्गात प्रत्यक्ष काय करतो हे त्या प्रश्नावलीच्या बाहेर राहिले. पुढे टेनेसी राज्याने १९८५ पासून चार वर्षे एक मोठा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुले तेरा ते सतरा पटाच्या छोट्या वर्गांत किंवा बावीस ते पंचवीस पटाच्या नेहमीच्या वर्गांत विभागली. छोट्या वर्गांतल्या मुलांची प्रगती जास्त झाली, आणि कृष्णवर्णीय मुलांची सर्वांत जास्त. रकर जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी न्यायालयीन आदेशांमुळे ज्या जिल्ह्यांचा शाळाखर्च वाढला तिथल्या मुलांचा प्रौढपणापर्यंत माग काढला, तेव्हा गरीब घरच्या मुलांची शिक्षणाची वर्षे आणि कमाई दोन्ही वाढलेली आढळली. विभाजन मोडलेल्या शाळांत गेलेल्या कृष्णवर्णीय मुलांचेही पुढचे आयुष्य शिक्षणात, उत्पन्नात आणि आरोग्यातसुद्धा सुधारलेले दिसले, आणि गोऱ्या मुलांचे त्यात काही बिघडले नाही. म्हणजे शाळेने फरक पडतो. फक्त तो एका वर्षाच्या चाचणीत मावतोच असे नाही.

दरी अढळ आहे असाही समज करून घेऊ नये. राष्ट्रीय चाचण्यांनुसार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८८ पर्यंत तेरा आणि सतरा वर्षांच्या गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांमधले वाचनातले अंतर निम्म्याहून अधिक कमी झाले होते. नंतर ही वाटचाल अडखळली. का अडखळली यावर आजही एकमत नाही, आणि नव्या संशोधकाला हात घालण्याजोगे हे एक खरे कोडे आहे. शॉन रिअर्डन यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की श्रीमंत व गरीब घरांतल्या मुलांमधले अंतर आता वर्णांमधल्या अंतराच्या जवळजवळ दुप्पट झाले आहे. ही उत्पन्नाची दरी खरोखर वाढत गेली की पहिल्यापासून एवढीच होती, याबद्दल इतर अभ्यासकांचे मत वेगळे आहे. दोन्ही बाजू वाचाव्यात. मात्र वर्ग पुढे आला म्हणून वर्ण मागे पडला, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. सारख्या उत्पन्नाच्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांची साठवलेली संपत्ती सारखी नसते, आणि त्यांची वस्तीही सारखी नसते.

कुटुंबाच्या सहभागावरचे संशोधन विपुल आहे आणि त्यात वाट चुकणे सोपे आहे. जॉइस एप्स्टाइन यांनी सहभागाचे सहा प्रकार मांडले, आणि शाळांनी ते यादीसारखे वापरले. विल्यम जेन्स यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून पालकांच्या सहभागाचा संपादणुकीशी संबंध शहरी आणि अल्पसंख्याक मुलांमध्येही ठळक असल्याचे दाखवले. त्यातली लक्षात ठेवण्याची बाब ही की गृहपाठ तपासणे, पालकसभेला हजर राहणे या दिसणाऱ्या कृतींपेक्षा आईवडिलांच्या मुलाकडून असलेल्या अपेक्षा आणि घरातल्या वागण्याबोलण्याची रीत यांचे वजन जास्त भरले. २०१४ मध्ये कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस यांनी सहभागाची ६३ मोजमापे तपासली. त्यांतल्या बऱ्याच मोजमापांचा गुणांशी संबंध सापडला नाही, काहींचा तर उलटा सापडला. ही दोन संशोधने एकमेकांना खोडतात असे म्हणून पुष्कळ जण थांबतात. मुलगा मागे पडू लागला की आई गृहपाठाला जास्त बसते, हे लक्षात घेतले तर त्यांतला विरोध बराच सौम्य होतो.

याहून खोल गेल्या त्या ॲनेट लारो. त्यांच्या निरीक्षणानुसार मध्यमवर्गीय आईबाप मुलाला एकेका छंदवर्गाला नेत, डॉक्टरशी आणि शिक्षकाशी बोलायला शिकवत वाढवतात. कष्टकरी आईबाप प्रेम, शिस्त आणि मोकळीक देऊन मूल आपोआप वाढेल असे मानतात, आणि शिक्षणाचे काम शिक्षकावर विश्वासाने सोपवतात. शाळेला पहिली रीत ओळखीची वाटते. लारो आणि एरिन हॉर्वाट यांच्या १९९९ च्या लेखाने त्यात वर्णाची बाजू पुढे आणली. शिक्षक हसतमुख, शांत, शाळेवर भरवसा ठेवणाऱ्या पालकाला ‘सहभागी’ मानत. आपल्या मुलाशी वर्णामुळे दुजाभाव होतो आहे असे ज्यांना वाटे, आणि तसे जे स्पष्ट बोलून दाखवत, त्या कृष्णवर्णीय पालकांचा तोच उत्साह शाळेला त्रासदायक वाटे. वाचकाने हा लेख जरूर मिळवावा. माझ्या दृष्टीने या क्षेत्राचा गाभा तिथे आहे. आपण कुटुंबाचा सहभाग म्हणून जो आकडा मोजतो, त्यात शाळेने त्या कुटुंबाला दिलेला प्रतिसादही मोजला जातो. तो आकडा एकट्या घराच्या नावावर मांडणे हा आईबापांवर अन्याय आहे.

याचा पडताळा प्रयोगांतूनही येतो. लॉस एंजेलिसमध्ये मुलाने कोणता गृहपाठ दिला नाही हे पालकांना मोबाइलवर नेमाने कळवले, तर मुलांचा अभ्यास सुधारला. पालक तेच होते. शाळेने त्यांना वेळेवर कळवले, एवढाच बदल झाला होता. न्यू हेवन शहरात बालमनोचिकित्सक जेम्स कोमर यांनी १९६८ पासून दोन प्राथमिक शाळांत पालकांना कारभाराच्या समितीत शिक्षकांच्या बरोबरीने बसवले, आणि त्यातून पुढे देशभर गेलेली एक कार्यपद्धती उभी राहिली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात पालकांना शाळेच्या कारभारात हक्क देण्याच्या प्रयोगातून शिक्षकांचा कडवा संप उभा राहिला. दोन्ही वाचल्याशिवाय ‘पालकांना सोबत घ्या’ हा सल्ला किती वजनाचा आहे ते कळत नाही.

शाळेच्या निवडीचा इतिहास दोन उगमांतून येतो, आणि एकाच उगमाची गोष्ट सांगणारे पुस्तक हाती आले तर सावध व्हावे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये असे मांडले की सरकारने पैसा द्यावा, शाळा मात्र पालकांनी निवडावी. त्याच सुमारास दक्षिणेतले गोरे राजकारणी ब्राउन निकालातून पळवाट शोधत होते. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत, जिथे १९५१ मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवला होता, तिथे १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावण्यात आले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली आणि तिला अनुदानाचा आधार मिळाला. कृष्णवर्णीय आईबापांनी कोणी मुलांना परगावी नातेवाइकांकडे धाडले, कोणाच्या मुलांची पाच वर्षे वाया गेली. शाळा १९६४ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर उघडल्या. व्हर्जिनियातल्याच न्यू केंट काउंटीसारख्या ठिकाणी ‘निवडीचे स्वातंत्र्य’ हीच योजना होती. तिथे एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती योजना अपुरी ठरवली.

दुसरा उगम मिलवॉकीचा. १९९० मध्ये तिथे गरीब कुटुंबांना खासगी शाळेची फी सरकारी पैशातून देणारी व्हाउचर योजना सुरू झाली. तिच्यासाठी विधिमंडळात झगडल्या त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधी पॉली विल्यम्स, आणि त्यांना साथ मिळाली रिपब्लिकन गव्हर्नर टॉमी थॉम्पसन यांची. एकात्मीकरणाच्या नावाखाली आपलीच मुले बसमधून दूर धाडली जातात आणि तिथेही शिकत नाहीत, हा मिलवॉकीच्या आयांचा राग विल्यम्स यांनी सभागृहात नेला. पुढच्याच वर्षी मिनेसोटाने चार्टर शाळांचा कायदा केला. या शाळा सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालतात.

निवडीचे फलित काय, असा प्रश्न एका वाक्यात विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर मिळणार नाही. २००९ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात १७ टक्के चार्टर शाळा जवळच्या सरकारी शाळांपेक्षा गणितात सरस, ३७ टक्के त्यांच्याहून वाईट ठरल्या. त्याच संस्थेच्या पुढच्या अभ्यासांत चित्र सुधारत गेले. बॉस्टनमध्ये सोडतीत नंबर लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली, तर चार्टर शाळांतल्या मुलांची झेप मोठी होती. वॉशिंग्टनच्या व्हाउचर योजनेत गुण फारसे वाढले नाहीत, पण हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. लुइझियानात व्हाउचर घेऊन गेलेली मुले गणितात घसरली. न्यू ऑर्लिन्समध्ये २००५ च्या चक्रीवादळानंतर जवळपास सगळी व्यवस्था चार्टर झाली आणि गुण वाढले. पण त्याच वेळी हजारो शालेय कर्मचारी कामावरून गेले, त्यांत कृष्णवर्णीय शिक्षिका मोठ्या संख्येने होत्या. त्या शिक्षिकांचा हिशोब गुणपत्रिकेत येत नाही, आणि तो कुठेतरी मांडला जावा असे मला कळकळीने वाटते. ब्राउन निकालानंतर दक्षिणेतही असेच झाले होते. शाळा एकत्र करताना बंद झाल्या त्या बहुधा कृष्णवर्णीयांच्या, आणि नोकऱ्या गेल्या त्या त्यांच्याच शिक्षकांच्या.

आणि खरे तर निवड व्हाउचरच्या आधीपासून चालू आहे, घरखरेदीच्या रूपाने. अमेरिकेत शाळेच्या पैशाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि प्रवेश पत्त्यावर ठरतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात घर शोधणारी मराठी कुटुंबेही आधी स्कूल डिस्ट्रिक्टचे मानांकन पाहतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते की त्या डिस्ट्रिक्टची सीमा १९७४ च्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली निकालाने किती अभेद्य केली. डेट्रॉइटमधली कृष्णवर्णीय मुले आणि भोवतालच्या उपनगरांतली गोरी मुले यांना एका योजनेत आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. अल्पमतात होते थर्गुड मार्शल, म्हणजे वीस वर्षांपूर्वी ब्राउन खटला लढवणारे वकील. गोरी कुटुंबे उपनगरांत जात राहिली आणि शहरांच्या शाळांत मागे राहिलेल्यांना निवडायला फारसे काही उरले नाही. २००७ मध्ये सिएटलच्या पालकांच्या एका संघटनेने दाखल केलेल्या खटल्यात न्यायालयाने एकेका मुलाच्या शाळावाटपात वर्ण विचारात घेण्यावर बंधन घातले. सहभागी पालक एकाच बाजूला असतात अशी समजूत असेल तर हा खटला वाचावा.

मराठी वाचक या विषयाला पूर्णपणे परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामीची प्रथा मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलेले शूद्रातिशूद्रांच्या प्राथमिक शिक्षणाचे म्हणणे अमेरिकी वाद वाचताना पुन्हा पुन्हा मनात येते. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. याच डु बॉइस यांनी १९३५ मध्ये असे बजावले होते की कृष्णवर्णीय मुलाला वेगळी शाळा हवी की मिश्र, यापेक्षा त्याला माणूस म्हणून वागवणारे शिक्षण हवे. आपल्याकडे आरटीईच्या २५ टक्के जागांची सोडत, आणि सरकारी वा अनुदानित शाळा जवळ असल्यास खासगी शाळांना त्यातून सूट देणारी, जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेली तरतूद, हे ताजे आहे. जात आणि वंश एक मानून उत्तरे उचलू नयेत. प्रश्न विचारण्याची रीत मात्र खुशाल घ्यावी.

पालक नेमके काय निवडतात, यावरही आता बारकाईने काम होते आहे. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात शाळांच्या निकालांचा साधा एकपानी तक्ता हाती आला, तेव्हा गरीब पालकांनी मुलांसाठी जास्त गुणांच्या शाळा मागितल्या. न्यूयॉर्कमध्ये मात्र असे दिसले की पालक शाळा किती शिकवते यापेक्षा तिथे कोणाची मुले येतात हे पाहून पसंती देतात. म्हणजे निवड वाढली की शाळा आपोआप सुधारतील हे गृहीत धरता येत नाही, आणि माहिती दिली की गरीब पालक तिचा उपयोग करतात हे नाकारताही येत नाही.

पॉली विल्यम्स २०१४ मध्ये वारल्या. मिलवॉकीची व्हाउचर योजना सुस्थित कुटुंबांपर्यंत वाढवण्याला त्यांनी अखेरच्या काळात उघड विरोध केला होता. ती गरिबांसाठी होती, असे त्यांचे म्हणणे होते. २०२२ मध्ये ॲरिझोना राज्याने उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता प्रत्येक मुलासाठी असा निधी खुला केला. सुरुवातीच्या अर्जदारांमध्ये बहुसंख्य मुले आधीपासूनच सरकारी शाळेबाहेर होती. इतर राज्येही त्या मार्गाने निघाली आहेत. पुढच्या दहा वर्षांत या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम इथे असेल: हा पैसा कोणत्या घरांत गेला, कोणत्या शाळांनी कोणत्या मुलांना दार उघडले, आणि ज्या सरकारी शाळा मागे राहिल्या त्यांत कोणाची मुले बसली आहेत.